वृद्धांमधील अनुचित औषधयोजना

वृद्धांमधील अनुचित औषधयोजना म्हणजे वृद्ध रुग्णाला लाभापेक्षा अपायाचा संभव अधिक असलेले औषध, अधिक सुरक्षित पर्याय उपलब्ध असतानाही, देणे. चुकीची मात्रा, गरजेपेक्षा दीर्घ कालावधी, परस्परविरोधी औषधे एकत्र देणे आणि आवश्यक औषध न देणे यांचाही या संज्ञेत समावेश होतो. या विषयावरील निकष सामान्यतः ६५ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींसाठी असतात.

कारणे

वाढत्या वयात शरीरातील पाण्याचे व स्नायूंचे प्रमाण घटते आणि मेदाचे प्रमाण वाढते. त्यामुळे डायझेपामसारखी मेदात विरघळणारी औषधे शरीरात दीर्घकाळ टिकतात. मूत्रपिंडांची कार्यक्षमताही कमी होते. मात्र स्नायू कमी झाल्यामुळे रक्तातील क्रिॲटिनिनचे प्रमाण सामान्य दिसू शकते आणि ही घट लक्षात येत नाही. अशा वेळी नेहमीची मात्राही अधिक ठरते.

मधुमेह, उच्च रक्तदाब, संधिवात असे अनेक विकार असलेला रुग्ण वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे जातो. प्रत्येक तज्ज्ञ आपल्या शाखेपुरते औषध देतो. सर्व औषधांचा एकत्रित विचार करण्याचे काम प्राथमिक आरोग्यसेवेतील डॉक्टरांकडे येते. भारतात एकच औषध अनेक व्यापारी नावांनी विकले जात असल्याने ते दोन नावांनी दुप्पट घेतले जाण्याचाही धोका असतो.

औषधांची साखळी

एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून दुसरे औषध दिले जाते, तेव्हा औषधांची साखळी तयार होते. उदाहरणार्थ, रक्तदाबासाठी दिलेल्या अम्लोडिपिनमुळे घोट्यांवर सूज येऊ शकते. तिच्यावर मूत्रल औषध दिल्यास वारंवार लघवी, क्षारांचे असंतुलन, चक्कर आणि पडण्याचा धोका उद्भवतो. म्हणून वृद्धामध्ये नवे लक्षण दिसल्यास ते चालू औषधामुळे आहे का, हे प्रथम तपासणे आवश्यक असते.

निकष

अमेरिकी वृद्धरोगतज्ज्ञ मार्क बीअर्स यांनी सहकाऱ्यांसह १९९१ मध्ये शुश्रूषागृहांतील वृद्धांसाठी अशा औषधांची यादी प्रसिद्ध केली. १९९७ मध्ये तिची व्याप्ती ६५ वर्षांवरील सर्वांपर्यंत वाढवण्यात आली. पुढे अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने या 'बीअर्स निकषां'ची जबाबदारी घेतली; २०२३ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. त्यांत पुढील औषधांविषयी सावधगिरी सुचवली आहे :

* डायझेपाम, अल्प्राझोलाम : गुंगी, गोंधळ, पडणे व अस्थिभंग
* क्लोरफेनिरामिन (सर्दीच्या अनेक गोळ्यांतील घटक) : संभ्रम, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणे
* डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके, विशेषतः दीर्घकाळ घेतल्यास : जठरातील रक्तस्राव, मूत्रपिंडांना इजा
* ग्लिबेनक्लामाइड : रक्तशर्करा धोकादायकरीत्या व दीर्घकाळ घटणे

आयर्लंडमधील कॉर्क येथील संशोधकांनी २००८ मध्ये 'स्टॉप' व 'स्टार्ट' हे निकष मांडले. पहिल्यात टाळावयाची, तर दुसऱ्यात गरज असूनही दिली न गेलेली औषधे येतात.

औषधांचा आढावा

रुग्णाला घरातील सर्व औषधे एका पिशवीतून आणावयास सांगणे, ही आढाव्याची सोपी पद्धत आहे. त्यात दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्या, आयुर्वेदिक औषधे व जीवनसत्त्वेही असावीत. प्रत्येक औषध कोणत्या कारणासाठी सुरू झाले आणि ते कारण अद्याप आहे का, हे पाहून अनावश्यक औषध बंद केले जाते. अल्प्राझोलामसारखी झोपेची औषधे किंवा मेटोप्रोलॉलसारखी बीटा-रोधके अचानक थांबवणे धोक्याचे असल्याने त्यांची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते.

मर्यादा

हे निकष म्हणजे औषधांवरील बंदी नव्हे. यादीतील औषध एखाद्या रुग्णासाठी योग्य असू शकते, तर यादीबाहेरचे औषधही अपायकारक ठरू शकते. बीअर्स निकष आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील उपशामक शुश्रूषेला लागू होत नाहीत. अंतिम निर्णय रुग्णाची प्रकृती, अपेक्षित लाभ आणि त्याची इच्छा यांवर अवलंबून असतो.