गढूळ पाण्यातल्या रेशमी रेघा

पावसाळ्यात भोर तालुक्यातल्या आंबवडे परिसरात डोंगरउतारावरची माती ओढ्यांत उतरते आणि पाणी गढूळ होते. असे पाणी काचेच्या ग्लासात घेऊन चमच्याने गोल ढवळले, की त्यात रेशमासारख्या चकचकीत रेघा फिरताना दिसतात. ढवळणे थांबले की रेघा विरतात. पाणी मात्र तेवढेच गढूळ राहते.

चिकणमातीचे सूक्ष्म कण गोल नसतात, पापडासारखे चपटे असतात. स्थिर पाण्यात त्यांची तोंडे वाटेल त्या दिशेला असतात. पाणी फिरू लागले, की शेजारशेजारच्या थरांचा वेग सारखा नसतो आणि या ओढाताणीत कण कोलांट्या खातात. गंमत अशी, की चपटा कण बराच वेळ प्रवाहाच्या दिशेने आडवा राहतो आणि मग झटकन उलटतो. हे गणित जी. बी. जेफरी यांनी १९२२ मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी जी. आय. टेलर यांनी ते प्रयोगाने तपासले. बहुतेक कणांची तोंडे एकाच बाजूला असली, की तिथून प्रकाश एका दिशेने परततो. तीच ती रेघ.

या कणांवर ऋण विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून तासन्‌तास तळाला बसत नाहीत. तुरटी हा भार कमी करते आणि कण चिकटून गुठळ्या होतात. गुठळीला सपाट बाजू उरत नाही. रेशमी चमक जाऊन कापसासारखे पुंजके दिसू लागतात. तुरटी आधी जोरात फिरवावी, म्हणजे ती सगळीकडे पोचते. नंतर हात अगदी हलका ठेवावा. घरोघरी चूक होते ती इथेच: शेवटपर्यंत जोरात ढवळल्याने बनलेल्या गुठळ्या पुन्हा फुटतात.

गाळ बसला तरी काम संपत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची गढूळता १ एनटीयूपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालते. डोळ्यांना मात्र साधारण ४ च्या खालचा गढूळपणा कळतच नाही. जंतू मातीच्या कणांआड दडतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही; शिवाय माती व कुजका पाला बराचसा क्लोरीन खाऊन टाकतात. म्हणून आधी तुरटी, मग वरचे नितळ पाणी कापडातून गाळून घेणे आणि त्यानंतर क्लोरीनचे थेंब टाकून किमान अर्धा तास थांबणे. क्लोरीन नसेल तर पाणी खळखळून उकळावे.