मैदानावर आपली मुले, बाकावर कोण? खालिद जमील यांचा प्रवास

चिखल्याच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की सुरूच्या झाडांपुढची ओली वाळू मैदान होते. दोन चपला इकडे, दोन तिकडे, झाला गोल. संध्याकाळी अभ्यासवर्ग सुटल्यावर आम्हीही तिथे असतो. अनवाणी पळणारी ही मुले फार चांगली खेळतात. आणि दहावी-बारावीनंतर बहुतेकांचे खेळणे संपते. कुणाचा गुडघा जातो, कुणाला वाडीतले काम लागते, कुणी पहाटेची लोकल धरतो. खेळ सुटला म्हणजे खेळातले सगळेच सुटले, असे आपण धरून चालतो. म्हणून खालिद जमील यांच्याविषयी लिहावेसे वाटले.

1 ऑगस्ट 2025 रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांना भारतीय पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक नेमले. 2012 साली सावियो मेदेरा यांनी पद सोडल्यानंतर तेरा वर्षे या खुर्चीवर परदेशी माणूसच होता.

जमील यांचा जन्म 1977 चा, कुवेतमधला, आईवडील पंजाबी. खेळाडू म्हणून ते घडले ते मुंबईत. महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून मधल्या फळीत खेळले, भारताची जर्सीही घातली. कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन्ही बड्या क्लबांचे बोलावणे त्यांनी नाकारले, कारण त्यांच्या जर्सीवर मद्यकंपनीचे नाव होते, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाते. त्यांची श्रद्धा वेगळी, पण पाचवे शील पाळू पाहणाऱ्याला या नकाराची किंमत समजेल. पुढे ते या दोन्ही क्लबांचे प्रशिक्षक झाले, हा भाग निराळा.

दुखापतींनी त्यांची कारकीर्द कुरतडली. शेवटचा मुक्काम मुंबई एफसी. तिथे खेळणे थांबले आणि 2009 मध्ये त्याच क्लबने त्यांना प्रशिक्षक केले. वय 32. क्लबकडे पैसा बेताचा, मोठी नावे नाहीत. सात वर्षांत एकदाही विजेतेपद नाही. पण संघ आय-लीगमधून खाली घसरला नाही. हे काम बातमीत येत नाही. 2016 मध्ये जमील बाहेर पडले आणि पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन लीगबाहेर गेला. त्यानंतर क्लबच बंद पडला.

त्याच हंगामात ते होते मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे. हा क्लब आदल्या वर्षी आय-लीगमधून बाहेर पडलेला. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली. बहुतेक खेळाडू स्थानिक. जोडीला जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीत जमील यांच्या हाताखाली खेळलेले दोघे. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँग लाजाँगशी 1-1 अशी बरोबरी झाली आणि ऐझॉल 37 गुणांवर पोहोचला. मोहन बागान 36 वर राहिला. ईशान्येकडच्या क्लबने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. ज्या तरुणांना दिल्लीत आणि पुण्यात ‘कुठून आलास?’ असे विचारले जाते, त्यांच्या गावात चषक गेला.

एवढे करूनही दार लगेच उघडले नाही. इंडियन सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाली, पण तिथे मुख्य प्रशिक्षक म्हणून परदेशी माणसालाच पसंती. जमील नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक होते. 2021 च्या जानेवारीत परदेशी प्रशिक्षकाला काढल्यावर त्यांना हंगामी जबाबदारी मिळाली. त्यांनी संघ उपांत्य फेरीत नेला, तेव्हा कुठे कायम नेमणूक झाली. सुपर लीगमध्ये अशी नेमणूक मिळालेले ते पहिले भारतीय. पुढचा हंगाम वाईट गेला, अकरा संघांत दहावा क्रमांक. मग पुन्हा खालून सुरुवात. जमशेदपूरला आल्यावर 2024-25 मध्ये उपांत्य फेरी आणि सुपर कपचा अंतिम सामना.

राष्ट्रीय संघाचे चित्रही असेच संमिश्र. सप्टेंबर 2025 मध्ये काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून 1-2 असा पराभव आणि 2027 च्या आशियाई चषकाची वाट बंद. ते अजिंक्य आहेत म्हणून आम्ही हे लिहीत नाही. खेळाडू म्हणून थांबलेला माणूस पायरी-पायरीने निर्णयाच्या जागी कसा पोहोचला, ते आम्हाला महत्त्वाचे वाटते.

ती पायरी म्हणजे परवाना. प्रशिक्षकाच्या परवान्यांची शिडी डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो अशी आहे. जमील यांच्याकडे प्रो आहे. प्रत्येक टप्प्यासाठी अभ्यासक्रम, शुल्क आणि मधल्या काळातला अनुभव लागतो. खालचे अभ्यासक्रम राज्य संघटनेमार्फत होतात. आपल्याकडे ती वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, मुंबईत. डहाणू रोडहून लोकलने चर्चगेट सव्वाशे किलोमीटर. खरे अंतर मात्र शुल्काचे, इंग्रजी अर्जाचे आणि ‘हे आपल्यासाठी नसते’ या समजुतीचे आहे.

नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आपण सगळ्यांनी पाहिला, टाळ्या वाजवल्या. वस्तीतली मुले मैदानात आली. पण शिट्टी कुणाच्या हातात होती? बाहेरून आलेल्या भल्या शिक्षकाच्या. विजय बारसेंच्या कामाबद्दल आदरच आहे. तरी पुढची शिट्टी त्या मुलांतल्याच कुणाच्या हातात असायला हवी, असे आम्हाला वाटते.

जयंतीच्या स्पर्धांमध्ये आपली मंडळे चषक, टी-शर्ट आणि डीजेवर किती खर्च करतात ते कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. आम्हीही तेच करत आलो. आमच्याकडचा एक बचावपटू गुडघ्यामुळे दोन वर्षे खेळत नाही, पण रोज किनाऱ्यावर येतो आणि लहानांना जागा कशी धरायची ते दाखवतो. यंदा चषक लहान घ्यायचा आणि उरलेल्या पैशांत त्याचा डी परवान्याचा अर्ज भरायचा, असे बैठकीत ठरले आहे. दोन जण अजून नाराज आहेत. त्यांच्याशी बोलणे चालू आहे.