हिमवृष्टीचा अंदाज आणि ‘कदाचित’चे मोल

हवामानाचा अंदाज म्हणजे ‘अंदाजपंचे दाहोदरसे’, अशी थट्टा आपण सर्रास करतो. भूगोलाचा विद्यार्थी या नात्याने मला ती थोडी अन्यायाची वाटते. अंदाज नेमका कोठे अडखळतो, हे पाहण्यासाठी मी एक दूरचे उदाहरण घेतो : न्यूयॉर्क शहरातील १४ मार्च २०१७ चे हिमवादळ.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर हिवाळा सरता सरताही मोठी वादळे येतात. त्यांत बहुधा दोन प्रवाहांची ओढाताण असते. एक प्रवाह कॅनडाची थंड हवा घेऊन पंचमहासरोवरांच्या बाजूने येतो; दुसरा अटलांटिक महासागराचे उबदार बाष्प घेऊन दक्षिणेकडून किनाऱ्यालगत वर सरकतो. एकाजवळ थंडी असते पण पाणी कमी. दुसऱ्याजवळ पाणी असते पण थंडी कमी. दोघांची गाठ योग्य वेळी पडली, तरच मोठी हिमवृष्टी होते. उशीर झाला तर वादळ समुद्रात निघून जाते. लवकर गाठ पडली तर ते किनाऱ्याला चिकटून चालते आणि समुद्राची ऊब शहरावर येते.

त्यातून मार्चमध्ये तापमान शून्य अंशाच्या आसपास घुटमळते. वरच्या थरात थोडी ऊब शिरली, की हिमकण वाटेत वितळतात, खाली येताना पुन्हा गोठतात आणि भुसभुशीत हिमाऐवजी बर्फाचे कडक, बारीक दाणे पडतात. एक इंच पावसाएवढ्या पाण्याचे साधारण दहा इंच हिम होते. दाण्यांचा थर मात्र त्याहून पुष्कळच कमी भरतो.

म्हणून संगणकावर एकच गणित, आरंभीच्या नोंदी किंचित बदलून, अनेकदा सोडवतात. शंभरांपैकी साठ उत्तरांत हिम आले, तर ढोबळमानाने शक्यता साठ टक्के. उरलेली चाळीस उत्तरे चुकीची ठरत नाहीत. तसेही घडू शकते.

त्या वेळी न्यूयॉर्कसाठी फूटभराहून अधिक हिमाचा अंदाज होता. शाळा बंद ठेवल्या गेल्या, जमिनीवरून धावणाऱ्या गाड्या थांबल्या, विमानांची हजारो उड्डाणे रद्द झाली. प्रत्यक्षात सेंट्रल पार्कमध्ये ७.६ इंच हिम पडले. त्याच राज्यात, किनाऱ्यापासून आत असलेल्या बिंगहॅम्टनमध्ये मात्र ३० इंचांहून अधिक! म्हणजे वादळ खोटे नव्हते; त्याची वाट किनाऱ्याकडे सरकली होती.

खरी विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. शहरात हिम कमी पडण्याची शक्यता वाढल्याचे हवामान खात्याच्या तज्ज्ञांना आदल्या दिवशीच दिसले होते. तरीही ऐन वेळी अंदाज बदलला, तर लोक गोंधळतील आणि बेसावध राहतील, या भीतीने त्यांनी तो तसाच ठेवला. हे नंतर उघड झाले आणि टीका झाली.

त्यांचा हेतू मी वाईट म्हणणार नाही. धोका कमी सांगून माणसे दगावण्यापेक्षा जास्त सांगून हसे झालेले बरे, हा विचार समजण्यासारखा आहे. पण इशारा ऐकणारा माणूस शेवटी विश्वासावरच चालतो. ‘सात इंचही पडेल, दीड फूटही पडेल, तयारी मात्र ठेवा’ हे वाक्य सामान्य माणसाला कळत नाही, असे का मानावे? मृगाकडे डोळे लावून बसणारा आपला शेतकरी तर पिढ्यान्‌पिढ्या शक्यतेचाच हिशेब मांडत आला आहे.

गणित शास्त्रज्ञांचे असेल. पण ‘कदाचित’ हा शब्द लोकांपर्यंत प्रामाणिकपणे पोचवणे हे भाषेचे काम आहे. आणि भाषेचे काम म्हटले, की ते आपणा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचेही आहे.