ओसरीवर ठेवलेली तिजोरी

माझ्या संगणकात एकाच कवितेच्या चार फायली होत्या. 'पाऊस', 'पाऊस नवीन', 'पाऊस अंतिम' आणि 'पाऊस अंतिम खरी'. एका दिवाळी अंकाला मी यातली नेमकी चुकीची पाठवली आणि खोडलेली ओळ छापून आली. चूक माझीच. कवीच्या गबाळेपणानं जगाचं फार काही बिघडत नाही. पण हाच गबाळेपणा एखाद्या वेब ॲप्लिकेशनच्या पोटात असला तर काय होतं, ते मला माझ्या भाचीनं दाखवलं.

वेब ॲप्लिकेशन म्हणजे नुसतं वाचायचं पान नव्हे. आपण रेल्वेचं तिकीट काढतो, बँकेचा व्यवहार करतो, तसं ज्याच्याशी देणंघेणं होतं ते. आमच्याकडच्या एका लहान वाचनालयाची पुस्तकांची देवघेव अशीच ऑनलाइन चालते. ज्या मुलानं ते काम केलं, तो नोकरीसाठी परगावी गेला. पुढे उशिराचा दंड चुकीचा निघू लागला, म्हणून भाचीला बोलावलं. दुरुस्ती दहा मिनिटांची होती, पण दंडाचा हिशेब कुठे आहे हे शोधण्यात दोन दिवस गेले. शेकडो फायली एकाच फोल्डरमध्ये, नावं 'टेस्ट २', 'नवी', 'नवी जुनी'. आणि तो हिशेब तीन फायलींत तीन तऱ्हांनी लिहिलेला!

"मामू, पिठाच्या डब्यात चपला ठेवल्यासारखं आहे हे," ती म्हणाली.

मग नीट लावलेलं घर कसं असतं, असं मी विचारलं. तिनं मला 'रुबी ऑन रेल्स' उघडून दाखवलं. डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. एक आज्ञा दिली, की फोल्डरांचा सगळा संसार आयता मांडून मिळतो. त्यात 'ॲप' नावाच्या फोल्डरमध्ये तीन मुख्य खोल्या असतात. 'मॉडेल'मध्ये माहिती आणि तिचे नियम, म्हणजे पुस्तक किती दिवस ठेवायचं, दंड किती. 'व्ह्यू'मध्ये पडद्यावर काय दिसायचं ते. आणि 'कंट्रोलर' म्हणजे वाचनालयाच्या खिडकीवरचा कारकून. तो तुमची मागणी ऐकतो, आतून माहिती मागवतो आणि योग्य ते पान तुमच्यासमोर ठेवतो. ही विभागणी वेबहूनही जुनी. नॉर्वेचे त्रिग्वे रीन्सकाउग यांनी ती १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मांडली.

फायदा असा, की दंडाचा नियम एकाच जागी राहतो. पानाचा रंग बदलताना त्याला धक्का लागत नाही आणि नवा माणूस आला तरी कुठे बघायचं ते त्याला ठाऊक असतं.

दुसरी रीतही आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झालेलं 'जँगो' २००५ मध्ये खुलं झालं. त्यात सहसा कामानुसार वाटणी करतात. सभासदांचं सगळं एका फोल्डरमध्ये, देवघेवीचं दुसऱ्यात. मी माझ्या भाषेत समजून घेतलं. गझला एका फडताळात आणि अभंग दुसऱ्यात ठेवा, किंवा पावसाच्या सगळ्या रचना एकत्र ठेवा. दोन्ही चालेल. एक रीत धरावी आणि ती सोडू नये.

पण खरी भीतीची गोष्ट पुढेच होती. रेल्समध्ये 'पब्लिक' नावाचं एक फोल्डर असतं. ती घराची ओसरी. तिथली फाइल, पत्ता ठाऊक असलेल्या कुणालाही मिळते. 'आपण कोण' असं कुणी विचारत नाही. म्हणून तिथे संस्थेचं चिन्ह किंवा 'पान सापडत नाही' अशी सूचना एवढंच ठेवायचं. बाकीचं घर भिंतीआड. आमच्या वाचनालयाच्या कामात ही भिंतच नव्हती. सगळं एका फोल्डरमध्ये आणि ते फोल्डर जगाला उघडं. त्यात सभासद-यादीची एक जुनी प्रत पडली होती. नावं, फोन नंबर आणि कुणी कोणतं पुस्तक नेलं तेही. फाइलचं नाव ओळखलं, की कुणीही ती उतरवून घ्यावी.

माझंही नाव त्यात होतं. मला त्याचं काही नाही. पण एखादी बाई घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक घरी न सांगता नेत असेल, तर? ती यादी कुणी नेली का, तेही कळेना. आल्यागेल्याच्या नोंदी कुणी जपल्याच नव्हत्या.

भाचीनं त्याच संध्याकाळी आधी ती प्रत काढली आणि चालकांना स्पष्ट सांगितलं, की सभासदांना हे कळवलं पाहिजे. त्यांनी कळवलंही. मग माहितीसाठ्याचा पासवर्ड प्रोग्रॅममधून काढून वेगळा ठेवला आणि दंडाचा हिशेब एका फाइलीत आणला. शेवटी 'रीडमी' नावाची एक पानाची फाइल लिहिली. कुठे काय आहे, काय कुठे ठेवू नये. तिच्यानंतर येणाऱ्यासाठी.

मलाही तिनं एक युक्ती दिली. फाइलच्या नावाआधी वर्ष, महिना, दिवस या क्रमानं तारीख घालायची, म्हणजे फायली आपोआप काळाच्या ओळीत उभ्या राहतात. आता माझा 'पाऊस' एकच आहे, बाकीचे तीन 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये. खोडलेली ओळ मात्र छापून गेली, ती गेलीच.