फोटो नाही मिळाला तर?

अरुणाचलच्या डोंगरात, बांबूच्या बेटांत लपणारा जेमतेम 22 सेंटीमीटरचा एक पक्षी. त्याचा फोटो काढायला निघणार असाल, तर कॅमेऱ्याच्या बॅगेत सगळ्यात आधी काय भरायचं?

एप्रिल महिना. पहाटेचे साडेचार.

पुण्या-मुंबईत यावेळी मिट्ट काळोख असतो. तुम्ही मात्र अरुणाचल प्रदेशात आहात. इथे उजाडायलाही लागलंय. ठिकाण लामा कॅम्प. उंची साधारण 2350 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर आणखी 700 मीटर चढून बसल्यासारखं. तंबूच्या बाहेर पाऊल टाकलं की धुकं थेट अंगावर येतं. बोटं गारठलेली, हातात कॅमेरा, गळ्यात दुर्बीण. पुढे गावातला वाटाड्या चालतोय. तो एकदम थांबतो. हात वर करतो. चूप!

समोरच्या बांबूच्या बेटातून बासरीसारखी शीळ येते. एकदा. दोनदा. मग शांतता.

तोच तो. बुगुन लिओसिक्ला.

तुम्ही कॅमेरा उचलता. पण दिसतात ती फक्त पानं. दहा मिनिटं जातात. वीस मिनिटं जातात. धुकं येतं, जातं. पुन्हा शीळ, आता जरा डावीकडून. पुन्हा पानंच.

आणि तेवढ्यात तुम्हाला आठवतं, की खिशात मोबाइल आहे. मोबाइलमध्ये याच पक्ष्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग आहे. एकदा प्ले दाबलं की पठ्ठ्या बाहेर येईलही. समोरच्या फांदीवर बसेल, छाती काढून गाईल. फोटो एकदम कडक!

दाबाल?

थांबा. आधी या पक्ष्याची गोष्ट ऐका.

दहा वर्षं वाट पाहणारा माणूस

1995 साली रमण अथ्रेय यांना ईगलनेस्टच्या जंगलात एक अनोळखी पक्षी दिसला. अथ्रेय हे पेशाने खगोलशास्त्रज्ञ. पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत प्राध्यापक म्हणून अनेकांना माहीत झालेलं नाव. काम आकाशगंगांचं, वेड पक्ष्यांचं. तो पक्षी क्षणभर दिसला आणि गेला. कुठल्याच पुस्तकाशी नीट जुळेना. त्याच्या जवळचा वाटावा असा एक पक्षी होता खरा, पण तो थेट चीनच्या सिचुआन भागातला.

फोटो नाही, पुरावा नाही. आपण असतो तर काय केलं असतं? ‘भास झाला असेल’ म्हणून सोडून दिलं असतं.

त्यांनी नाही सोडलं. तो पक्षी त्यांना पुन्हा दिसला 2005 मध्ये. मध्ये तब्बल दहा वर्षं गेली! आपण इन्स्टाची रील दहा सेकंद लोड झाली नाही तरी वैतागतो, म्हणून हा आकडा पुन्हा वाचा. दहा वर्षं.

खरी गंमत पुढे आहे. नवी प्रजाती जगाला सांगायची तर एक पक्षी मारायचा, पेंढा भरून संग्रहालयात ठेवायचा आणि तो पुरावा म्हणून दाखवायचा, ही पक्षिशास्त्रातली जुनी रीत. पण तेव्हा माहीत असलेले हे पक्षी होते किती? 14. त्यात जोड्या फक्त तीन. त्यातला एक मारायचा?

अथ्रेय यांनी तो मारला नाही. 2006 मध्ये त्यांनी पातळ जाळ्यात पक्षी पकडला, मापं घेतली, फोटो काढले, काही पिसं ठेवून घेतली आणि पक्षी सोडून दिला. फोटो, पिसं आणि आवाजाचं रेकॉर्डिंग या पुराव्यांवर त्यांनी त्याच वर्षी नवी प्रजाती जाहीर केली. नाव दिलं ते या डोंगरात राहणाऱ्या बुगुन लोकांचं.

म्हणजे बघा, या पक्ष्याच्या गोष्टीत फोटोने एक जीव वाचवलाय. आता तुमच्या खिशातल्या त्या मोबाइलकडे पुन्हा बघा.

प्ले दाबलं की काय होतं?

आपल्याला वाटतं, आवाजच तर लावतोय. त्याने काय बिघडतं?

पक्ष्याच्या बाजूने विचार करा. विणीचा हंगाम आहे. नराने आपला इलाखा आखलाय. अचानक त्याला आपल्याच हद्दीत दुसऱ्या नराची शीळ ऐकू येते. त्याच्यासाठी ते गाणं नसतं, ते आव्हान असतं. तो खाणंपिणं सोडून धावत येतो, शत्रू शोधतो, ओरडून थकतो. उघड्या फांदीवर बसल्यामुळे शिकारी पक्ष्याच्या नजरेतही येतो. शत्रू काही सापडत नाही, कारण तो तुमच्या खिशात असतो.

तुम्ही फोटो घेऊन निघून जाता. उद्या दुसरा ग्रुप येतो, परवा तिसरा. सगळ्यांच्या खिशात तोच आवाज. एखाद्या पक्ष्याच्या लाखो जोड्या असतील तर हे कदाचित खपून जाईल. इथे मात्र जोड्या बोटांवर मोजायच्या आहेत. एका जोडीचं घरटं फसलं, तर ते नुकसान एका घरट्याचं राहत नाही, सगळ्या जातीलाच त्याचा फटका बसतो. ही जात आज जगात ‘अतिसंकटग्रस्त’ गणली जाते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे नामशेष होणं.

गावाने राखलेलं जंगल

अजून एक गोष्ट. हा पक्षी फिरतो ते जंगल बरंचसं अभयारण्याच्या हद्दीबाहेर, बुगुन लोकांच्या सामाईक मालकीचं आहे. ते तोडून चार पैसे कमावणं त्यांना अवघड नव्हतं. पण सिंगचुंग गावाने 2017 मध्ये 17 चौरस किलोमीटर जंगल सामुदायिक राखीव म्हणून जाहीर करून घेतलं. गावातली तुमच्याच वयाची मुलं तिथे गस्त घालतात. शिकारी, झाडं तोडणारे, आग, सगळ्यांवर त्यांची नजर असते. पक्षी बघायला येणाऱ्यांकडून होणारी कमाई गावाच्या कामी येते.

म्हणून तुमच्या पुढे चालणाऱ्या त्या वाटाड्याला फक्त ‘स्पॉट दाखवणारा’ समजू नका. तुम्ही त्याच्या घरी पाहुणे आहात. तो ‘आवाज लावू नका’ म्हणाला, तर घासाघीस करायची नाही. पाहुण्याने यजमानाचं ऐकायचं असतं, हे आपल्याला घरी शिकवलेलं आहेच की.

मग फोटो काढायचा कसा?

काढायचाच! फक्त जरा डोकं लावून.

आधी कान, मग कॅमेरा. पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. त्याची शीळ घरूनच ऐकून पाठ करून जा. जंगलात मात्र मोबाइल खिशातच राहू दे.

जागा धरा, पाठलाग नको. हे पक्षी झुडपांतून, बांबूतून खात खात पुढे सरकतात. त्यांच्या मागे धावलात की ते आणखी आत जातात. शीळ कुठून कुठे सरकतेय ते ऐका, वाटेवर एखादी मोकळी फट हेरा आणि तिथे गप्प उभे राहा. त्याला तुमच्याकडे येऊ द्या.

कॅमेरा आधीच तयार ठेवा. बांबूखाली उजेड फार कमी. अशावेळी आयएसओ 3200 किंवा त्याहून वर न्यायला घाबरू नका. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतील, हललेला फोटो दुरुस्त होत नाही. शटर निदान 1/250 ठेवा. फोकसचा एकच बिंदू निवडा, नाहीतर कॅमेरा पुढचं पान शार्प करतो आणि मागचा पक्षी धूसर. कॅमेऱ्यात सायलेंट शटर असेल तर तेच वापरा. फ्लॅश नाहीच.

थंडी-पावसाची सोय करा. थंडीत बॅटरी भराभर उतरते. जादा बॅटरी बॅगेत न ठेवता जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. लेन्सला पावसाचं कव्हर हवंच. कपडे मातकट किंवा हिरवे, लाल-पिवळं जर्किन घरी.

घरटं दिसलं तर मागे फिरा. फोटो नाही, व्हिडिओ नाही. आणि नेमक्या जागेचं लोकेशन इन्स्टावर तर अजिबात टाकायचं नाही.

परवाना विसरू नका. अरुणाचलमध्ये जायला आपल्याला इनर लाइन परमिट लागतं. ते ऑनलाइन मिळतं. गुवाहाटीपासून टेंगापर्यंत गाडीचा जवळजवळ पूर्ण दिवस जातो. तेव्हा दोन दिवसांत ‘करून टाकू’ असा बेत आखू नका. घाईत असलेला माणूसच प्ले दाबतो.

आणि तरीही...

परत त्या पहाटेकडे जाऊ. आता साडेपाच वाजलेत. तुम्ही प्ले दाबलेलं नाही. मान अवघडलीय, पाय बधिर झालेत. वाटाड्या हळूच बोट दाखवतो.

बांबूची एक काडी हलते. काळी टोपी दिसते. डोळ्यापुढचा केशरी-पिवळा ठिपका. करड्या-हिरवट अंगावर पंखातली लाल-पिवळी झळक. तो वळतो, शेपटीखालचा किरमिजी रंग चमकतो. तीन सेकंद. तुमचं बोट शटरवर.

संपलं. गेला.

स्क्रीनवर काय आलं? दोन फोटोंत नुसती पानं. तिसऱ्यात अर्धी शेपटी. चौथ्यात डोकं आहे, पण त्यावर बांबूचं पान आडवं. या फोटोला लाइक्स किती मिळतील, हे तुम्हालाही माहीत आहे.

तरी तो डिलीट करू नका. तारीख, वेळ, किती पक्षी दिसले, काय करत होते, सगळं वहीत लिहा. त्या गावातल्या मुलांना दाखवा. इतक्या दुर्मीळ पक्ष्याच्या बाबतीत ‘आज, इथे, हा जिवंत आहे’ एवढं सांगणारा धूसर फोटोसुद्धा उपयोगाचा असतो. आणि त्या दिवशी तो पक्षी तुमच्या येण्याने दमला नाही, फसला नाही. तो त्याच्या कामाला लागला.

फोटो अजिबातच नाही मिळाला तर? तर शीळ ऐकलीत ना! एका माणसाने तर दहा वर्षं एका ओझरत्या भेटीवर काढली.

तेव्हा बॅग भरताना लेन्सच्या आधी थोडी सवड भरा. उद्या सकाळी पुन्हा साडेचारला उठायचंय.