आत कोण जागं आहे?

2006 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात 23 वर्षांच्या एका तरुणीच्या मेंदूची छायाचित्रं छापून आली. आदल्या वर्षी रस्त्यावरच्या अपघातात तिच्या मेंदूला जबर मार लागला होता. ती डोळे उघडायची, मिटायची, झोपायची, जागी व्हायची. पण हाक मारली तर ओ नाही, हात दाब म्हटलं तर हालचाल नाही. असे पाच महिने गेले होते. डॉक्टरांच्या भाषेत ती ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’मध्ये होती. केंब्रिजमधल्या एड्रियन ओवेन या संशोधकाने तिला स्कॅनरमध्ये ठेवलं आणि सांगितलं, ‘तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर.’ मेंदूतला, हालचालींची आखणी करणारा भाग उजळला. मग सांगितलं, ‘आता मनातल्या मनात स्वतःच्या घरातल्या खोल्यांमधून फिर.’ तो भाग मंदावला आणि जागांची ओळख ठेवणारा दुसरा भाग उजळला. धडधाकट माणसांच्या मेंदूत नेमकं हेच होतं.

बोट न हलवता त्या मुलीने सूचना ऐकली होती, समजून घेतली होती आणि पाळली होती.

पुढे 2010 मध्ये याच पद्धतीने संवादसुद्धा झाला. ‘हो’ म्हणायचं तर टेनिस, ‘नाही’ म्हणायचं तर घर, अशी खूण ठरवून एका रुग्णाला सहा प्रश्न विचारले गेले. वडिलांचं नाव अमुक का, असे साधे प्रश्न. पाचांची उत्तरं बरोबर आली, सहाव्याला मेंदू गप्प राहिला. त्यानंतर कॅनडात, बारा वर्षं निपचित पडलेल्या एका रुग्णाला विचारलं गेलं, तुला वेदना होताहेत का? उत्तर आलं, नाही. अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर ताटकळत बसलेल्या आईवडिलांना सर्वांत जास्त छळणारा प्रश्न हाच असतो, आणि इथे त्याचं उत्तर थेट रुग्णाकडून मिळालं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आजही येतो.

डोळे उघडे असताना माणूस ‘नसतो’ कसा, हे समजायला मेंदूची रचना थोडी पाहावी लागते. मानेच्या वर, मेंदूच्या बुंध्याशी मेंदूस्तंभ आहे. श्वास, झोप आणि जाग यांची सूत्रं तिथे आहेत. ‘मला कळतंय’ ही जाणीव मात्र तेवढ्याने होत नाही. त्यासाठी वरचं मेंदूचं आवरण आणि मधोमध बसलेला थॅलॅमस यांच्यातली ये-जा चालू असावी लागते. थॅलॅमस हे मेंदूतलं दादर स्टेशन समजा: बाकीच्या मार्गांवर गाड्या धडधाकट उभ्या असल्या, तरी दादरला रूळ उखडले की कोणी कुठे पोचत नाही. मेंदूस्तंभ शाबूत आणि वरची ये-जा तुटलेली, अशा माणसाचा देह रोज सकाळी जागा होतो. तो स्वतः जागा होतो की नाही, हे बाहेरून दिसत नाही.

ही अवस्था माणसाच्या इतिहासात फार जुनी नाही. पूर्वी एवढी इजा झालेला माणूस काही दिवसांत जायचा. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनळीत नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबत रुग्णांना श्वास द्यायला सुरुवात केली. यंत्रं पुरेशी नव्हती, म्हणून वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. जवळपास दीड हजार विद्यार्थ्यांनी हे काम केलं. मरू घातलेली मुलं जगली. आजचे आयसीयू तिथून जन्मले, आणि त्याच दारातून हा पेचही आत आला. श्वास चालू ठेवता येऊ लागला म्हणून तो थांबवावा का, कोणी आणि केव्हा, असं विचारायची वेळ आली.

काही रुग्णांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट असतं. मेंदूस्तंभासकट सगळा मेंदू कायमचा बंद पडला की तो माणूस मेंदूमृत. 1968 मध्ये हार्वर्डच्या समितीने त्याचे निकष मांडले. आपल्याकडे 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूस्तंभाचा मृत्यू मान्य केला. चार डॉक्टर, किमान सहा तासांच्या अंतराने, दोनदा तपासण्या करतात. त्यातली एक साधी आणि निर्णायक आहे: ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर बाजूला करायचा आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू द्यायचा. जिवंत मेंदूस्तंभाला तो साठा सहन होत नाही, तो छातीला श्वास घ्यायला लावतोच. छाती हललीच नाही, तर तो माणूस गेलेला असतो, मग हृदय का धडधडत असेना. ब्रेन डेड आणि कोमा हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, आणि त्यातून घराघरांत अनर्थ होतात. मेंदूमृत माणूस परत आल्याची एकही खरी नोंद नाही. कोमातला माणूस मात्र परत येऊ शकतो.

कठीण आहे तो मधला प्रदेश.

अमेरिकेतल्या न्यू जर्सीत 1975 साली कॅरन ॲन क्विनलन ही 21 वर्षांची मुलगी बेशुद्ध झाली आणि शुद्धीवर आलीच नाही. आईवडिलांनी व्हेंटिलेटर काढण्यासाठी कोर्टाची पायरी चढली. 1976 मध्ये परवानगी मिळाली, यंत्र काढलं, आणि सगळ्यांची अपेक्षा चुकवून कॅरन स्वतः श्वास घेऊ लागली. नळीतून अन्न घेत ती आणखी नऊ वर्षं जगली. तिच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला, तर सर्वांत जास्त नुकसान आवरणाचं निघालं नाही, ते निघालं थॅलॅमसचं.

रोगनिदानही वाटतं तितकं पक्कं नसतं. 2009 च्या एका अभ्यासात, डॉक्टरांनी एकमताने व्हेजिटेटिव्ह ठरवलेल्या 44 रुग्णांपैकी 18 जणांमध्ये बारकाईने तपासल्यावर जाणिवेच्या खुणा सापडल्या. तपासायची साधनंही किती साधी! रुग्णाच्या डोळ्यांसमोरून बोट किंवा पेन फिरवण्यापेक्षा आरसा फिरवला, तर नजर मागोमाग वळण्याची शक्यता जास्त असते. मेंदूत एवढी पडझड झाल्यावरही माणसाची नजर स्वतःच्या चेहऱ्यामागे जाते.

2024 मध्ये आणखी मोठा अभ्यास आला. सांगितलेलं काहीच न करणाऱ्या 241 रुग्णांपैकी 60 जणांच्या मेंदूने स्कॅनमध्ये किंवा ईईजीवर सूचना पाळल्याचं दिसलं, म्हणजे चारांत एक. त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. बिछान्यावर सूचना पाळणाऱ्या, म्हणजे निश्चितच भान असलेल्या 112 जणांपैकी फक्त 43 जणांच्या चाचणीत ते दिसलं. मेंदू उजळला तर आत कोणीतरी आहे. उजळला नाही, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

मग एवढ्या अंधारात यंत्र काढायचं का?

इथे आपण दोन प्रश्नांची गल्लत करतो असं मला वाटतं. ‘आत कोणी आहे का’ हा एक प्रश्न, ‘उपचार थांबवावेत का’ हा दुसरा. भान सापडलं म्हणून उपचार चालूच ठेवले पाहिजेत, असं आपोआप ठरत नाही. हलता-बोलता न येता, सगळं कळत वर्षानुवर्षं पडून राहणं एखाद्याला नकोसं असेल, आणि दुसरा त्यातही नातवंडांचे आवाज ऐकत जगू इच्छील. विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न आणि औषध नाकारलं, तेव्हा तो निर्णय त्यांचा होता आणि तो सांगायला ते शुद्धीवर होते. मेंदूला इजा झालेल्या माणसाचं नेमकं हेच हिरावलं जातं. म्हणून बिछान्याभोवती उभ्या असलेल्यांनी ‘आम्हाला काय सोसवतं’ हे न विचारता ‘याने काय म्हटलं असतं’ हे विचारायला हवं. याहून अवघड काम मला माहीत नाही.

मुंबईने हे काम फार जवळून पाहिलं आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला; गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर जवळजवळ 42 वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना भरवलं, न्हाऊ-माखू घातलं. इतक्या वर्षांत अंगाला एक शय्याव्रण झाला नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयानेही नोंदवली. पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणांचं अन्न थांबवण्याची परवानगी मागितली होती. 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने ती नाकारली: अरुणांच्या वतीने बोलायचा हक्क रोज त्यांची काळजी घेणाऱ्यांचा आहे, असं म्हटलं. आणि त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवता येतील, हे भारतात पहिल्यांदा मान्य केलं. अरुणा 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने गेल्या. विराणींची कळकळ आणि परिचारिकांची माया, दोन्ही मला खरी वाटतात. अरुणांना स्वतःला काय हवं होतं हे मात्र कोणालाच सांगता आलं नाही.

आपल्या इस्पितळांत रोज घडतं ते कोर्टापर्यंत पोचत नाही. बिल वाढत जातं, दागिने मोडले जातात, आणि एक दिवस नातेवाईक ‘डामा’च्या (डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस) कागदावर सही करून, वाटेत रबरी पिशवी दाबत, पेशंटला गावी घेऊन जातात. कागदावर तो डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध गेलेला असतो. हा पैशाने घेतलेला निर्णय असतो आणि तो बऱ्याचदा घाईने होतो. मेंदूला मार लागल्यावर पहिल्या काही दिवसांत ‘आता काही आशा नाही’ असं सांगणं धोक्याचं आहे, कारण तेवढ्यावर उपचार थांबवले की भाकीत आपोआप खरं ठरतं आणि ते चुकलं होतं का, हे कधीच कळत नाही. अपघातातल्या इजेला सुधारायला महिने लागू शकतात; प्राणवायू तुटून झालेल्या इजेत आशा कमी असते. अमेरिकेत आर्कान्सा राज्यातले टेरी वॉलिस 1984 च्या अपघातानंतर तब्बल 19 वर्षांनी बोलले. असं फार क्वचित घडतं, पण घडलं आहे. घाई करू नये आणि फरफटही करू नये. ठरावीक मुदत घालून उपचार करावेत, पुन्हा तपासावं, आणि मग ठरवावं, हे मला पटतं.

कायदा आता बराच सोपा झाला आहे. 2018 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि जानेवारी 2023 मध्ये किचकट अटी काढल्या. आता डॉक्टरांची एक समिती, मग तिची फेरतपासणी करणारी दुसरी समिती, दोघींनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं. लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. गोव्यात 2024 साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र करून सुरुवात केली. मुंबईतले डॉ. निखिल दातार यांच्या पाठपुराव्यानंतर महाराष्ट्रातही ही इच्छापत्रं सांभाळण्यासाठी पालिकांमध्ये अधिकारी नेमले गेले.

धडधाकट असताना हे लिहून ठेवा. व्हेंटिलेटर किती काळ चालेल, नाकातल्या नळीचं काय, नुसतं ऐकू येत असेल तर जगायला आवडेल का, हे सगळं त्यात येऊ द्या. मत बदललं तर इच्छापत्र कधीही बदलता येतं. आणि ज्यांची नावं त्यात घालाल, त्यांना आधी समोर बसवून हे बोला, कारण पुढे तुमच्या वतीने बोलायचं आहे ते त्यांनाच.