सारखे शब्द, निराळे अर्थ

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून सुरतेस कामधंद्यासाठी जाणाऱ्यांची रीघ जुनी आहे. उधना, लिंबायत या भागांत मराठी सहज कानावर पडते. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळाही तेथे आहेत. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे सुरतेत अध्यापन करीत असत आणि १८४४ साली तेथे स्थापन झालेल्या मानवधर्म सभेत त्यांचा पुढाकार होता. १ मे १९६० पर्यंत मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषा मुंबई राज्यात एकत्र नांदल्या. सातबाराचा उतारा, आवक-जावक, पगार हे शब्द दोहोंकडे एकच. साहजिकच नवागतास वाटते की, ही भाषा आपणांस येतेच. फसगत होते ती येथेच. अनोळखी शब्द ऐकला तर मनुष्य त्याचा अर्थ विचारतो. ओळखीचा वाटला तर विचारीत नाही.

सर्वांत महाग पडतो तो 'काल' हा शब्द. मराठीत काल म्हणजे होऊन गेलेला दिवस. गुजरातीत मात्र गेलेला दिवसही 'काल' आणि येणारा दिवसही 'काल'. कोणता, हे क्रियापदावरून ओळखावयाचे. प्रस्तुत लेखकाने सुरतेतील एका कचेरीत खानदेशातील एक वृद्ध गृहस्थ पाहिले. खिडकीतून त्यांना "काले आवजो" असे सांगण्यात आले. आपण काल यावयास हवे होते, आता मुदत टळली, असा अर्थ घेऊन ते कागदांची गुंडाळी करून परत निघाले होते. पायऱ्यांवर गाठ पडली म्हणून उलगडा झाला. वस्तुतः त्यांस उद्या बोलाविले होते! यात दोष कोणाचाच नव्हता. पहाट या अर्थाच्या संस्कृत 'कल्य' शब्दापासून दोन्ही भाषांत 'काल' आला. मराठीने तो मागील दिवसापुरता राखला आणि पुढील दिवसासाठी 'उद्या' योजला, इतकेच.

'दादा' हा शब्दही असाच. आपल्याकडे तो थोरला भाऊ, गुजरातीत वडिलांचे वडील. दाखल्यासाठी 'दादांचे कागद' मागितले असता आजोबांचे कागद न्यावे लागतात. थोरल्या भावाचे नेले, तर एक खेप फुकट गेली असे समजावे.

"नवरा छो?" या प्रश्नाने मात्र कोणी बिचकू नये. 'तुम्हांस सवड आहे काय?' एवढेच त्यात विचारलेले असते, कारण गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा, मोकळा. (हा अर्थ ऐकून आमच्या घरी बरीच करमणूक झाली.) त्याचप्रमाणे "जमशो?" म्हणजे 'जेवणार काय?'. त्यावर आपण "जमणार नाही" म्हटले, तर आपण जेवणास नकार दिला असे यजमान समजतो. "खोटुं लाग्युं" म्हणजे खोटे वाटले असे नव्हे, मनास लागले.

रुग्णालयात अधिक दक्षता हवी. तेथे 'ताव' म्हणजे ताप. कागदाचा किंवा मिशीवरचा ताव नव्हे. 'झाडा' म्हणजे जुलाब. औषध 'खाली पेटे' घ्या म्हणजे अनशापोटी घ्या. हा 'खाली' अरबीतून आलेला, रिकामा या अर्थाचा. आपल्या वर-खालीशी त्याचे नाते नाही. हिंदी चित्रपटांमुळे तरुणांस तो कळतो, परंतु वडीलधाऱ्या स्त्रियांस समजावून सांगावा लागतो.

सुरतेस जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांना शिक्षकांनी असे दहा-बारा शब्द अगोदर सांगून ठेवावेत. अर्जदारांनी कचेरीत तोंडी दिवसावर विसंबू नये. तारीख कागदावर लिहून मागावी. महाराष्ट्रातील कचेऱ्यांनाही हे लागू आहे, कारण गुजरातीतील 'परम दिवस' काय किंवा आपला 'परवा' काय, दोन्ही मागचेही असतात आणि पुढचेही.